इथं प्लॉट विकायचाय का?

नाणे_०७ नावाचं चित्र मी जुलैतल्या एका बुधवारी रात्री पावणेबाराला चार ठिकाणी पाठवलं. घरच्या ग्रुपवर, भूगोल शिकवणाऱ्या मैत्रिणीला, ऑफिसातल्या एका धाकट्या सहकाऱ्याला आणि जुन्नरकडच्या मामांना. सोबत एकच ओळ: "अजून पूर्ण नाही, पण कसं वाटतंय?"

सकाळपर्यंत घरच्या ग्रुपवर अकरा जणांचं "मस्त" आलं. काकूने विचारलं, फोटो कुणी काढला? आईने वेगळा मेसेज करून विचारलं, तिकडे कधी गेली होतीस आणि मला सांगितलं का नाहीस? फोटो समजून आई रागावली, यापेक्षा मोठी पावती काय असणार! ऑफिसला जाईपर्यंत मी तरंगत होते. मग लक्षात आलं की अकरा "मस्त" घेऊन रात्री पुन्हा फाइल उघडली, तर माऊस नेमका कुठे न्यायचा हे मला अजूनही माहीत नाहीये.

चित्र असं होतं. जीवधन किल्ल्याच्या उतारावर उत्तरेकडे तोंड करून उभं राहायचं. डावीकडे कोकण धाडकन खाली गेलेलं, समोर नाणेघाटाची खिंड, तिच्या पलीकडे नानाचा अंगठा हा डोंगर, उजवीकडे घाटघरची भातखाचरं. पाऊस नुकताच उघडलाय. ढगांच्या फटीतून सोनेरी ऊन डावीकडून येतंय, अंगठ्याच्या कड्यावर पडलंय, गवतावर लांब सावल्या आहेत. पठारावर पिवळी सोनकी आणि गुलाबी तेरडा. कड्यावरून एक धबधबा खाली चाललाय. उजव्या कोपऱ्यात रस्ता आणि रस्त्यावर एक लाल एसटी, डोंगराच्या मापाचा अंदाज यावा म्हणून. हे सगळं ब्लेंडर या त्रिमितीय चित्रांच्या सॉफ्टवेअरमध्ये उभं केलेलं, एकही फोटो चिकटवलेला नाही. गवताच्या काही लाख काड्या आहेत. माझ्या घरच्या ग्राफिक्स कार्डाची मेमरी १२ जीबी, त्यामुळे ढग घातले की गवत लपवायचं आणि गवत दाखवलं की ढग काढायचे, असा संसार साडेतीन महिने चालला होता.

दिवसा मी पोटासाठी रेंडर करते. न बांधलेल्या इमारती बांधल्यासारख्या दाखवणं हे आमचं काम. बाल्कनीत चहा पिणारं जोडपं, खाली सायकल चालवणारं पोर, एकही पान न वाळलेलं झाड, आणि वर उजव्या कोपऱ्यात तीन पक्षी. पक्षी नसले तर क्लायंट विचारतो. नऊ वर्षं मी हे करते आहे आणि त्याची मला लाज वगैरे वाटत नाही. घराचे हप्ते त्या तीन पक्ष्यांवर चाललेत. पण रात्रीचं चित्र माझं स्वतःचं होतं, तिथे क्लायंट नव्हता. निदान माझी तशी समजूत होती.

पहिलं खरं उत्तर मैत्रिणीचं आलं. व्हॉइस मेसेज, चार मिनिटांचा, मागे कुकरच्या शिट्ट्या. "छान आहे ग, पण हे आहे कुठलं? हिमाचल का?"

मला राग आला. उंचीची आकडेवारी खरी होती. २००० सालच्या फेब्रुवारीत एंडेव्हर यानातून अकरा दिवसांत रडारने पृथ्वीची मोजणी झाली, तिची माहिती आज कुणालाही फुकट उतरवून घेता येते. माझा नाणेघाट त्यातूनच काढलेला. मी तिला तसं ठणकावून लिहिलं. तिने शांतपणे विचारलं, "दर किती मीटरला एक आकडा?"

तीस.

मग तिने फोनच केला. आपला डोंगर म्हणजे लाव्ह्याच्या थरांची चळत. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी एकावर एक पसरत गेलेले थर, कुठे काही मीटर जाड, कुठे त्याच्या कित्येक पट. घट्ट बेसॉल्टचा थर कड्यासारखा उभा राहतो, भोकाभोकांचा मऊ थर झिजून उताराला लागतो, मधे कुठे भाजलेल्या मातीची लाल पट्टी. कडा, उतार, कडा, उतार. डेक्कन ट्रॅपमधलं 'ट्रॅप' हे स्वीडिश भाषेतल्या जिन्याच्या शब्दावरून आलंय, हे ती दरवर्षी वर्गात सांगते आणि दरवर्षी मागच्या बाकावरचा एक जण फळीवर चढून दाखवतो. "तुझ्या डोंगराला पायऱ्याच नाहीत," ती म्हणाली. "वरून खाली नुसत्या धारा आल्यात. बर्फ वितळून कापल्यासारख्या."

तिचं म्हणणं पटायला मला दोन दिवस लागले, कारण तांत्रिक कारण शोधल्याशिवाय मला काही पटत नाही. माझा तुकडा सहा किलोमीटर बाय सहा किलोमीटरचा. दर तीस मीटरला एक म्हणजे उंचीचे एकूण चाळीस हजार आकडे. ऐकायला भरपूर वाटतात. पण दहा-पंधरा मीटरची पायरी दोन आकड्यांच्या मधे कुठेतरी हरवून जाते. दीडशे मीटरचा उभा कडा तीन-चार चौकटींत वाटला जातो आणि त्याची घसरगुंडी होते. शिवाय अशा नकाशात एका बिंदूला एकच उंची असते, त्यामुळे जिथे कडा पोटात गेलाय, वरचा दगड पुढे आलाय, ते त्यात मांडताच येत नाही. मला हे दिसलं होतं. गुळगुळीत डोंगर आवडला नाही म्हणून मी त्यावर तयार मिळणारा 'इरोजन' चढवला होता, पाण्याने झिजल्याचा आभास देणारा. तो बनवणाऱ्याच्या डोळ्यांसमोर आल्प्स असावा. खऱ्या आकड्यांवर मी परक्या डोंगराची कातडी ओढली होती आणि वर मैत्रिणीला ठणकावत होते.

तिने आणखी एक सांगितलं. बेसॉल्ट इतका पांढरा कसा? ओला झाल्यावर तर तो जवळजवळ काळा पडायला हवा. हे मात्र दहा मिनिटांचं काम निघालं.

धाकटा सहकारी सत्तावीस वर्षांचा आहे आणि त्याची नजर माझ्यापेक्षा तयार आहे, हे मी त्याला कधी सांगणार नाही. जेवणाच्या सुट्टीत डबा बाजूला सारून त्याने माझं चित्र आधी कृष्णधवल केलं. मग आरशासारखं उलटं केलं. मग डोळे बारीक करून खुर्चीत मागे रेलला.

"ताई, सगळं मधल्याच करड्या रंगात बसलंय. गवत तेवढंच, डोंगर तेवढाच, आभाळ थोडं उजळ. नजर कुठे न्यायची?"

मी म्हटलं, धबधब्याकडे.

"माझी बसकडे जातेय. लाल रंग एवढाच एक आहे चित्रात."

त्याचा सल्ला असा: पुढचा खडक गडद कर, मागचं सगळं फिकं कर, ऊन आणखी तापव, म्हणजे नजर थेट अंगठ्यावर जाईल. वर म्हणाला, डिनॉइझर, म्हणजे चित्रातले दाणे पुसून गुळगुळीत करणारी सोय, जरा कमी कर, गवताचा नमदा झालाय. मी झूम करून बघितलं तर खरंच, गवताच्या काड्या जाऊन बिलियर्डच्या टेबलासारखं हिरवं कापड दिसत होतं. महिनाभर ते माझ्या नजरेला पडलं नव्हतं. रोज तेच चित्र पाहिलं की डोळा पाहणं सोडून देतो.

त्याने सांगितलेलं मी त्याच रात्री केलं. आठवी आवृत्ती, मग नववी. ऊन तापवलं. चित्र उठून दिसायला लागलं, अगदी मासिकाच्या मुखपृष्ठावर शोभेल असं. झोपताना मी खूश होते.

मामांचं उत्तर आलंच नव्हतं. दोन निळ्या खुणा आल्या होत्या, बस. शनिवारी फोन केला तर म्हणाले, "मोबाइलवर कायपण दिसत नाय. बारकं हाय. घेऊन ये की इकडं."

मामा एकतीस वर्षं एसटीत ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन सहा वर्षं झाली. त्यातली बरीच वर्षं त्यांनी जुन्नरहून पश्चिमेकडच्या गाड्या चालवल्या: आपटाळे, चावंड, घाटघर. मुक्कामी गाडी घेऊन संध्याकाळी वर जायचं, गाडीतच किंवा कुणाच्या तरी पडवीत झोपायचं आणि पहाटे डोक्यावर पाट्या घेतलेल्या बायकांना घेऊन खाली यायचं. नाणेघाटाचा इतिहास ते सांगत नाहीत. सातवाहनांची लेणी, नागनिकेचा शिलालेख, जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजण, हे सगळं त्यांच्या लेखी पाहुण्यांना दाखवायचं. त्यांचा नाणेघाट वेगळा आहे: कुठल्या वळणावर पाणी रस्ता ओलांडतं, कुठे धुक्यात म्हैस बसलेली असते.

रविवारी सकाळी लॅपटॉप तीन पिशव्यांत गुंडाळून मी निघाले. पडवीत खाट होती, खाटेवर लॅपटॉप ठेवला. मामांनी चष्मा बनियनला पुसला, चित्राकडे बघितलं आणि सगळ्यात आधी बसवर बोट ठेवलं. नुसतं दाखवलं नाही, स्क्रीनला टेकवलंच. चुन्याचा ठसा उमटला.

"ही आपली गाडी."

"हो."

"दार ड्रायव्हरच्या बाजूला केलंस. प्याशिंजर काय माझ्या मांडीवरनं चढणार?"

मी पाहिलं. बसच्या तोंडावर ऊन छान पडावं म्हणून मी ती आरशासारखी उलटी केली होती. साडेतीन महिन्यांत कुणाच्या, म्हणजे माझ्याही, लक्षात आलं नव्हतं.

मग ते बराच वेळ काही बोलले नाहीत. पाऊस पत्र्यावर वाजत होता. मी वाट बघत होते. खरं सांगायचं तर "मस्त" ऐकायचीच वाट बघत होते. मामांनी मान तिरकी केली आणि विचारलं,

"इथं प्लॉट विकायचाय का?"

"म्हणजे?"

"रस्त्यानं बोर्ड लावल्यात बघ. निसर्गाच्या कुशीत, माथ्यावर बंगला, वीकेंड होम. त्याच्यावर असलंच चित्र असतंय. असलंच ऊन."

चेष्टा नव्हती त्यात, त्यांनी सरळ विचारलं होतं. आणि मला जे आठवलं ते मी त्यांना सांगितलं नाही: तसल्या एका बोर्डावरचं चित्र दोन वर्षांपूर्वी मी स्वतः केलं होतं.

त्या रात्री मामांच्याच घरी, मच्छरदाणीत बसून मी फाइल वरपासून खाली तपासली. सूर्य कुठून आला ते शोधत होते. सापडला. मी तो ठेवलाच नव्हता! घरी नवीन काम सुरू करताना सवयीने मी ऑफिसची कोरी फाइल उघडते, कारण तिच्यात कॅमेरा, रंगांची मांडणी वगैरे सगळं लावून ठेवलेलं असतं. सूर्यही. संध्याकाळचे पाच, आभाळ निवळलेलं, ऊन कोवळं, इमारतीची उजळ बाजू ग्राहकाकडे. नऊ वर्षं तोच सूर्य मी वेगवेगळ्या टॉवरांवर पाडत आले. बावधनला तोच, वाघोलीला तोच, आणि आता नानाच्या अंगठ्यावरही तोच. गवताची काडी न काडी मी निवडली होती, दगडाच्या खरखरीतपणावर एक आठवडा घालवला होता, आणि चित्रातली सगळ्यात मोठी गोष्ट आयती आली होती.

पण मधली दुपार राहिली.

मामींनी भाकरी थापता थापता आतूनच विचारलं, "कुठला महिना दाखवलायस?" मी म्हटलं, आत्ताचाच, आषाढ. त्या हात पुसत बाहेर आल्या.

"मग सोनकी कशी फुललीय? सोनकी गणपतीच्या सुमाराला. आणि हा तेरडा. तेरडा गौरीला लागतो, त्याला अजून अवकाश हाय. आत्ता आलेला तेरडा काय गौरीपर्यंत टिकणार?"

मी सोनकी आणि तेरडा का घातले होते? मोबाइलमधले माझे सगळे 'पावसाळी' फोटो सप्टेंबरचे आहेत म्हणून. आम्ही शहरातली माणसं पाऊस बघायला जातो तेच मुळी पाऊस संपत आला की.

मामींनी मग खाचरांवर नजर टाकली. माझी खाचरं गच्च हिरवी होती, भात गुडघ्याएवढा. "आवणी चाललीय आत्ता," त्या म्हणाल्या. "आत्ता खाचरात भात कुठला दिसायला? आभाळ दिसतंय." आणि खरंच, दारातून बाहेर पाहिलं तर समोरच्या खाचरात चिखलाचं तपकिरी पाणी होतं, त्यात दोन-दोन, चार-चार काड्यांचे झुपके, आणि उरलेल्या सगळ्या पाण्यात करडं आभाळ. चार बायका इरली घेऊन वाकलेल्या. बांध तेवढे हिरवे. मामींचं ते आभाळाचं वाक्य मी वहीत जसंच्या तसं लिहून घेतलं. रेंडरच्या भाषेत सांगायचं तर मामींनी मला सांगितलं होतं की तुझं मटेरियलच चुकलंय, तिथे वनस्पती नको, आरसा हवा.

"आणि पाणी खाली पडतंय," मामा म्हणाले.

आता धबधबा खाली नाही तर कुठे पडणार? त्यांनी पायात चपला सरकवल्या. "चल."

मोटारसायकलवर मामा पुढे, मी मागे, लॅपटॉप घरी. घाटघर ओलांडून पठारावर पोचलो तेव्हा काहीही दिसत नव्हतं. काहीही म्हणजे काहीही. पांढरं. रस्त्याकडेला विजेचे खांब होते, ते मी मोजले. चौथा दिसत होता, पाचवा नाही. दोन खांबांमधलं अंतर पावलांनी मोजलं, साधारण पन्नास मीटर भरलं. मामा सिगारेट पेटवायचा प्रयत्न करत माझ्याकडे बघत होते. भाची पावसात खांब का मोजतेय, हे त्यांनी विचारलं नाही. एसटीच्या नोकरीत त्यांनी याहून चमत्कारिक प्रवासी पाहिले असणार.

खांब मोजायचं कारण सांगते. धुक्याचा दाटपणा फाइलमध्ये एका आकड्याने ठरतो. नजर किती लांब पोचते त्याचा आणि या आकड्याचा साधा हिशेब आहे: ३.९ ला मीटरमधल्या अंतराने भागायचं. दोनशे मीटर दिसत असेल तर ०.०२ च्या आसपास. माझ्या फाइलमध्ये होता ०.०००१. म्हणजे आषाढात, नाणेघाटात, मी एकोणचाळीस किलोमीटर लांबचं दाखवत होते.

कड्याच्या टोकापासून बरंच अलीकडे मामांनी दंडाला धरून थांबवलं. पाऊस वरून पडत होता, आणि खालूनही. कोकणातून आलेला वारा कड्यावर आदळतो, त्याला पुढे जायला वाट नसते, मग तो उभा वर चढतो. पठारावरून ओढ्याचं पाणी काठापर्यंत येतं, खाली उडी मारतं आणि वाऱ्यासरशी तुषार होऊन परत वर येतं. नाणेघाटातल्या उलट्या धबधब्याचे व्हिडिओ मी पाहिले होते. पण व्हिडिओत ते पाणी कारंज्यासारखं दिसतं. तिथे उभं राहिल्यावर कळतं की त्याला आकारच नाही. तोंडावर कुणी ओली चादर झटकावी तसं ते येतं, नाकात जातं, चष्मा गेलाच. माझ्या चित्रात सात हजार थेंब एका ओळीत, शिस्तीत, खाली चालले होते.

तिथे आम्ही पाऊण तास उभे होतो. एकदाच, जेमतेम वीस सेकंद, धुकं फाटलं. अंगठा दिसला. सोनेरी नव्हता. पिवळ्याचा लवलेश नाही, सावली तर कुठेच नाही. कुठूनही येणारा, कुठेही न पडणारा एक राखाडी उजेड, आणि त्यात काळाकुट्ट ओला दगड, कड्याच्या आडव्या पायऱ्यांवर गवताच्या पट्ट्या. मैत्रिणीचा जिना. ओल्या दगडाच्या कडेला मात्र आभाळाची एक फिकी रेघ चकाकत होती. सगळ्या दृश्यात उजळ म्हणावं असं तेवढंच. मी मोबाइल काढेपर्यंत ते मिटलं.

"दिसलं?" मामांनी विचारलं.

परत आल्यावर अडचण वेगळीच उभी राहिली. सहकारी म्हणाला होता, गडद-उजळ वाढव. मामांचा नाणेघाट म्हणजे गडद-उजळ पुसून टाकणं. दोघं बरोबर होते. खरं धुकं घातलं तर चित्र म्हणजे पांढरा कागद, आणि पांढऱ्या कागदाला कोण चित्र म्हणणार? आठ-दहा रात्री मी या दोघांच्या मधे लोंबकळत होते. दहाव्या आवृत्तीत धुकं जास्त झालं, अकराव्यात कमी. अकरावी बघून सहकारी म्हणाला, "ताई, आधीचं जास्त उठावदार होतं." मला माहीत होतं. फ्लॅट विकायला तेच चाललं असतं.

सुटका शेवटी त्या चकाकत्या रेघेने केली. सूर्य काढून टाकला, फाइलमधून कायमचा. उजेड फक्त आभाळाचा. धुक्याचा आकडा ०.००१ वर आणला, म्हणजे चारेक किलोमीटर नजर, धुकं फाटल्याच्या त्या वीस सेकंदांपुरती. मग जवळचा खडक काळा आणि ओला केला, इतका ओला की त्याच्या प्रत्येक कडेवर आभाळ परावर्तित व्हावं. उठाव आला तो ओलेपणातून. अंगठा मागे अर्धा विरलेला. खाचरांत पाणी भरलं, त्यांत आभाळ उतरलं आणि उजवा कोपरा आपोआप उजळला. थरांसाठी उंचीच्या आकड्यांना पायऱ्या पाडल्या, पण सगळ्या सारख्या झाल्या तेव्हा डोंगर वाफ्यांची शेती वाटायला लागला, म्हणून जाडी कमी-जास्त केली. अंगठ्याचा कडा सरळ वेगळा कोरला. सोनकी, तेरडा हटवले. एक लाख चौदा हजार फुलं एका क्लिकने गेली, वाईट वाटलं. धबधब्याचे थेंब काढून तिथे वर चढणारा पांढरा धूर ठेवला. त्याला अजून आकार आहे. तो जायला हवा, जात नाहीये.

बसचं दार डावीकडे आणलं.

आणि विचारायची ओळ बदलली. तेरावी आवृत्ती त्याच चार ठिकाणी पाठवली, पण या वेळी लिहिलं: "यात खोटं काय दिसतंय?" घरच्या ग्रुपवर शुकशुकाट झाला. काकू म्हणाली, आधीचं जास्त छान होतं, हे उदास वाटतं, आणि खाली चौघांनी तिला अंगठे दिले. मैत्रिणीने चित्रातल्या कड्यावर लाल पेनने रेघा मारून पाठवल्या: एक थर मधेच तिरका गेलाय, आपल्याकडे थर आडवे असतात. बरोबर, तो मी हौसेने तिरका केला होता. सहकारी काही बोलला नाही, पण संध्याकाळी माझ्या टेबलाशी येऊन, "ते ओल्या दगडाचं मटेरियल देता का?" असं विचारून गेला.

मामांचा फोन चार दिवसांनी आला. पावसात रेंज जाते तिकडे. या वेळी त्यांनी पोराच्या लॅपटॉपवर पाहिलं होतं.

"दार बरोबर केलंस."

"हो."

"गाडीचे दिवे लाव. एवढ्या धुक्यात दिवे न लावता कोण चालवतंय?"

मी लिहून घेतलं. पिवळे दिवे, धुक्यात त्यांचे शंकू. ते मला सुचायलाच हवं होतं. नजर कुठे न्यायची या प्रश्नाचं उत्तरही तिथेच होतं.

"पाटी कोरी दिसतीय."

"काय लिहू?"

"जुन्नर-घाटघर. दुसरं काय असणार?" मग ते थांबले. पलीकडून मामी काहीतरी म्हणाल्या, ते मला ऐकू आलं नाही. "गाडी वर चाललीय का खाली?"

"वर. घाटघरकडे तोंड आहे."

"मग मुक्कामी गाडी धर."

"धरली."

"आगं मग उजेड एवढा कसा? मुक्कामी गाडी पोचायला सात वाजतात. दिवेलागण झालेली असती."

मी कॅमेऱ्याच्या खालची वेळ बघितली. सूर्य काढला होता, पण आभाळ अजून त्याच फाइलमधलं होतं. पाच वाजताचं.

नाणे_१४ नावाने सेव्ह केलं आणि आभाळ काढून टाकलं.